मत, माप आणि मीटर

‘ट्यूबलाइट सारखी चालू-बंद करू नये, सुरू होतानाच ती सगळ्यात जास्त वीज खाते.’ ‘पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढंच येतं.’ ‘मोबाइलचा चार्जर भिंतीला तसाच राहिला की मीटर पळत राहतं.’ ‘सोलर पॅनेल बनवायला जितकी वीज लागते तितकी ते जन्मात परत देत नाही.’ ‘विजेची स्कूटर घ्यायची म्हणजे काय, तर पुण्यातला धूर चंद्रपूरला पाठवायचा.’

ही वाक्ये आपण शिक्षक-खोलीत, एसटीच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ऐकलेली असतात. बोलणारा ठामपणे बोलतो, ऐकणारा मान डोलावतो आणि विषय पुढे सरकतो. विज्ञान शिकवणाऱ्याला अशा वेळी वाटते की हे सगळे अज्ञान आहे, झटकून टाकावे. आम्हाला मात्र तसे वाटत नाही. यांतल्या बहुतेक मतांत खऱ्याचा अंश आहे. कधीकाळी कुणीतरी खरोखर काही पाहिले होते, मोजले होते. ती गोष्ट तोंडोतोंडी फिरत राहिली आणि फिरता फिरता तिच्यावरच्या दोन खुणा पुसल्या गेल्या. एक खूण ‘किती’ची आणि दुसरी ‘केव्हा’ची. माप गेले, तारीख गेली. मत तेवढे उरले.

या दोन खुणा परत कशा लावायच्या ते या लेखात पाहू या. त्यासाठी लागणारे उपकरण विकत आणावे लागत नाही. ते बहुतेक घरांच्या दाराशी टांगलेले आहे. ते म्हणजे विजेचे मीटर.

धार आणि बादली

सुरुवातीला एक जुनी उजळणी करावी लागेल, कारण पुढचा सारा गोंधळ इथूनच निघतो. शक्ती आणि ऊर्जा या दोन वेगळ्या राशी आहेत. नळाची धार किती मोठी आहे हे सांगणे म्हणजे शक्ती सांगणे. बादलीत एकूण पाणी किती साठले हे सांगणे म्हणजे ऊर्जा सांगणे. मोठी धार क्षणभर सोडली तर बादलीचा तळही भिजत नाही. बारीक धार रात्रभर चालू राहिली तर सकाळी बादली ओसंडून वाहते.

विजेच्या बाबतीत धार वॅटमध्ये किंवा किलोवॅटमध्ये मोजतात. बादली मोजतात ती किलोवॅट-तासात. १ किलोवॅटचे उपकरण १ तास चालले की १ किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. यालाच आपण ‘१ युनिट’ म्हणतो. १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल, म्हणून १ युनिट म्हणजे १००० गुणिले ३६००, अर्थात ३६ लाख ज्यूल. घरगुती बिल मुख्यतः बादलीचे येते, धारेचे नाही.

आता मीटरकडे जाऊ. पूर्वीच्या मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक चकती फिरत असे आणि तिच्या कडेवरची काळी खूण पाहून फेऱ्या मोजता येत. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये तिच्या जागी एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या दर्शनी भागावर ३२००, १६०० असा एखादा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च झाली की दिवा किती वेळा लुकलुकेल, हे तो आकडा सांगतो. समजा आकडा ३२०० आहे. ३६ लाख ज्यूलला ३२००ने भागले की ११२५ येतात. म्हणजे दिव्याची एक लुकलुक ही ११२५ ज्यूलची पावती आहे. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मनगटी घड्याळावर पाहावे आणि ११२५ला त्याने भागावे. त्या क्षणी घरात किती वॅट शक्ती वापरली जात आहे हे लगेच कळते. आकडा १६०० असेल तर ११२५च्या जागी २२५० घ्यावे.

घरातली सर्व उपकरणे बंद करून फक्त एक पंखा पूर्ण वेगाने लावला आणि १५ सेकंदांनी एकदा लुकलुक झाली, तर पंखा ७५ वॅटचा ठरतो. घाईत चूक होऊ नये म्हणून १० लुकलुकींचा एकूण वेळ घेऊन त्याला १०ने भागणे चांगले. सातवी-आठवीची मुले हा प्रयोग सहज करतात. एकच पथ्य पाळायचे. मीटरकडे फक्त पाहायचे. त्याला, त्याच्या पेटीला किंवा तारांना हात लावायचा नाही.

तीन जुनी मते

आता ट्यूबलाइटचे मत घेऊ. जुन्या, चोक आणि स्टार्टर असलेल्या ट्यूबला सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त विद्युतप्रवाह लागतो, हे खरे आहे. पण किती वेळ? नळीची ४० वॅट आणि चोकची साधारण १५, अशी ५५ वॅट शक्ती धरू. सुरू होताना ती पाचपट लागते आणि तसे २ सेकंद चालते, असे सढळ हाताने गृहीत धरू. ५५ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे ५५० ज्यूल. एवढी ऊर्जा तीच ट्यूब नेहमीच्या गतीने १० सेकंदांत वापरते. म्हणजे १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ खोलीबाहेर जायचे असेल तर ट्यूब बंद करण्यातच विजेची बचत आहे. धार मोठी होती, पण बादलीत काही पडले नाही.

मग हे मत आले कुठून? वारंवार चालू-बंद केल्याने ट्यूबच्या टोकांवरचा लेप झिजतो आणि तिचे आयुष्य कमी होते, ही गोष्ट खरी होती. नळी लवकर जाते एवढेच निरीक्षण होते. ‘वीज जास्त खाते’ हे कारण नंतर चिकटले. आज बहुतेक घरांत एलईडी दिवे आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. एलईडीला चोक नाही, स्टार्टर नाही, झिजणारा लेपही नाही. पण चोकच्या काळातला सल्ला एलईडीच्या घरात अजून ऐकू येतो.

पंख्याचे तसेच. जुना, खोक्यासारखा रेग्युलेटर आत तारेची वेटोळी असलेला रोध असे. पंखा हळू केला की विजेचा काही भाग या रोधात उष्णता होऊन वाया जाई; रेग्युलेटरला हात लावला की तो गरम लागे. त्यामुळे बचत अपेक्षेपेक्षा कमी होत असे. ‘कमी बचत होते’ याचे ‘बचत होतच नाही’ झाले. वास्तविक त्या रेग्युलेटरनेही मीटर थोडे मंदावत होतेच. आताचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फारच थोडी उष्णता वाया घालवतात. शिवाय हवा ढकलायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग थोडा कमी केला तरी पात्यांवरचे काम बरेच कमी होते. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरी पंखा १, ३ आणि ५ वर ठेवून लुकलुकी मोजल्या, तर कुणाकडे जुना रेग्युलेटर आहे आणि कुणाकडे नवा, हे आकड्यांवरूनच ओळखता येईल.

चार्जरचे मतही एका विशिष्ट काळातले आहे. पूर्वीच्या चार्जरमध्ये लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. फोन न लावताही तो कोमट लागे, म्हणजे एखाद-दोन वॅट खर्च होतच असत. आताचा हलका चार्जर रिकामा असताना वॅटच्या एका लहान भागाइतकीच शक्ती घेतो. ती इतकी कमी असते की घरचे मीटर बहुधा तिची नोंदही करू शकत नाही. हिशेबासाठी ती ०.१ वॅट धरली, तरी वर्षाचे ८७६० तास गुणून १ युनिटही होत नाही.

मग चार्जर तसाच ठेवावा का? बंद करण्यात वाईट काहीच नाही. पण चार्जर बंद केला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे वाटू लागले तर मात्र नुकसान आहे. त्यासाठी घरातल्या खर्चाची उतरंड एकदा डोळ्यांपुढे आणली पाहिजे.

घरातली उतरंड

खालचे आकडे ढोबळ आहेत आणि प्रत्येकाने आपल्या घरी तपासून पाहण्यासारखे आहेत.

फोन एकदा पूर्ण चार्ज करणे: सुमारे १/४० युनिट.
९ वॅटचा एलईडी दिवा ५ तास: सुमारे १/२० युनिट.
१० वॅट घेणारा सेट-टॉप बॉक्स दिवसभर: सुमारे पाव युनिट.
अंघोळीची एक बादली पाणी तापवणे: सुमारे अर्धा युनिट.
७५ वॅटचा पंखा १२ तास: सुमारे ०.९ युनिट.
दीड टनाचा जुना एसी रात्रीचे ८ तास: ७ ते ८ युनिट.

बादलीचा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवता येतो. २० लिटर पाणी २० अंश सेल्सियसने तापवायचे तर ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. ती १६८० किलोज्यूल होते. युनिटमध्ये सांगायचे तर ०.४७. घरात चार माणसे असतील तर रोज जवळजवळ २ युनिट गीझरमध्ये जातात. तेवढ्या विजेत फोन ८० वेळा चार्ज झाला असता. अर्धा तास गीझर विसरून चालू राहिला, तर वर्षभर चार्जर काढून जपलेले युनिट त्यात कुठल्या कुठे जाते.

उतरंडीतला सेट-टॉप बॉक्सही पाहण्यासारखा आहे. ‘रिमोटने बंद केले म्हणजे बंद’ असे आपण धरून चालतो. आताच्या टीव्हीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही सहसा १ वॅटपेक्षा कमी घेतो. पण त्याला जोडलेले काही सेट-टॉप बॉक्स बंद असतानाही जवळजवळ चालू असल्याइतकीच शक्ती घेत राहतात. १० वॅट ही धार बारीकच आहे, पण ती दिवसरात्र वाहते. वर्षाला ८०-९० युनिटची बादली भरते. चार्जर आणि सेट-टॉप बॉक्स यांच्याविषयीची भीती ऐकायला सारखीच वाटते. माप लावले की एक क्षुल्लक ठरते आणि दुसरी खरी.

एसीविषयीचे मत सर्वांत महाग पडते. ‘१८वर लावला की खोली लवकर गार होते’, असे अनेकांना वाटते. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. १८ अंशांवर ठेवला काय किंवा २४ अंशांवर, खोली गार होण्याचा वेग तोच. फरक एवढाच की २४ला पोचल्यावर जो कॉम्प्रेसर थांबला असता, तो १८च्या शोधात चालत राहतो. इन्व्हर्टर एसी कमी-अधिक गतीने चालू शकतो, पण तोही १८ गाठण्यासाठी जास्त काम जास्त वेळ करत राहतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या आग्रहामुळे १ जानेवारी २०२०पासून नव्या एसीचे आरंभीचे तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. एसीवरचे तारे याच ब्यूरोने २००६ साली सुरू केले. उपकरणे विकत घेताना दुकानदाराच्या मतापेक्षा त्या लेबलावरचा ‘वर्षाला किती युनिट’ हा आकडा वाचण्याची सवय मुलांना लागली, तर विज्ञानाचा एक धडा संसारात उपयोगी पडला असे म्हणता येईल.

माप नसले की काय होते

माप नसलेल्या मताचा फायदा घेणारेही असतात. प्रदर्शनांत आणि जाहिरातींत ‘वीज वाचवणारे यंत्र’ म्हणून एक छोटी डबी विकली जाते. ती सॉकेटमध्ये लावा, बिल ३०-४० टक्क्यांनी कमी होईल, असे सांगतात. विक्रेता प्रयोगही करून दाखवतो. एक मोटार चालू करतो, तारेभोवती प्रवाह मोजण्याचा चिमटा लावतो, डबी जोडतो, आणि खरोखरच प्रवाहाचा आकडा खाली येतो. यात हातचलाखी नाही. तरीही ही फसवणूकच आहे.

डबीत सहसा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. मोटारीसारख्या गुंडाळी असलेल्या उपकरणात प्रवाह हा दाबाच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे प्रवाहाचा काही भाग प्रत्यक्ष काम न करता नुसताच पुढे-मागे ये-जा करतो. कपॅसिटर ही ये-जा मोटार आणि डबी यांच्यातल्या त्यात भागवतो, म्हणून बाहेरच्या तारेतला प्रवाह कमी दिसतो. मोठ्या कारखान्यांना याचा उपयोग आहे, कारण त्यांच्या बिलात या ये-जा करणाऱ्या प्रवाहाचाही हिशेब असतो. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जाच मोजते. मोटार जेवढे काम करत होती तेवढेच करते आहे, तर युनिट कमी कसे होतील?

विक्रेत्याने प्रवाहाचा आकडा दाखवला. त्याऐवजी कुणीतरी म्हणायला हवे होते, ‘भाऊ, ते राहू द्या. मीटरच्या लुकलुकी मोजून दाखवा.’ डबी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर १० लुकलुकींना लागणारा वेळ सारखाच आला असता. ज्या घराला बिलातले दोनशे रुपयेही जड जातात, तेच घर अशा डबीसाठी हजार रुपये मोजते. आठवीतल्या मुलीला मीटर वाचता येत असेल तर ते वाचू शकतात.

छपरावरचे ऊन

आता स्वच्छ ऊर्जेकडे वळू. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली. घराच्या छपरावर १ किलोवॅटचे पॅनेल बसवल्यास ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान तिच्यात ठरले. तेव्हापासून सौर विजेवरची मते गावोगावी ऐकू येऊ लागली आहेत.

पहिले मत उत्साहाचे: ‘१ किलोवॅटचे पॅनेल, १२ तासांचा दिवस, म्हणजे रोज १२ युनिट.’ इथे धार आणि बादलीची गल्लत झाली आहे. पॅनेलवर लिहिलेला १ किलोवॅट हा भर उन्हातला, पॅनेल २५ अंश सेल्सियसला असतानाचा आहे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, ढग, धूळ आणि उष्णता हे सगळे वजा जाता महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी रोज ४ युनिटच्या आसपास पडते. दुसरे मत निराशेचे: ‘आपल्याकडे चार महिने पाऊस, तेव्हा काय उपयोग?’ जुलै-ऑगस्टमध्ये वीज बरीच घटते, पण शून्य होत नाही, कारण ढगांतून पसरून येणारा उजेडही पॅनेलला चालतो. १२ही नव्हे आणि शून्यही नव्हे, ४ धरून हिशेब करणाऱ्याची निराशा होत नाही.

तिसरे मत ‘जितका उन्हाळा कडक, तितकी वीज जास्त’. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनचे पॅनेल तापले की दर अंशाला त्याची शक्ती सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात विदर्भातल्या छपरावर पॅनेल ६० अंशांच्या पुढे सहज जाते. २५ अंशांपेक्षा ते ३५ अंश जास्त. म्हणजे शक्तीत १२ टक्क्यांच्या आसपास घट.

चौथे मत गैरसमजाचे, आणि त्यात प्रश्न जिवाचा आहे. ‘छपरावर सोलर असले की लाइट गेले तरी आपल्या घरात उजेड.’ बॅटरी नसलेली, वीज मंडळाच्या तारांना जोडलेली यंत्रणा लाइट गेले की आपणहून बंद होते, आणि तशी तिने व्हायलाच हवी. ती चालू राहिली तर आपल्या छपरावरची वीज बाहेरच्या तारांत शिरेल, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा.

राहिले ते ‘जन्मात परत देत नाही’ हे मत. इथे तारीख फार महत्त्वाची आहे. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढची बरीच वर्षे असे घट मुख्यतः उपग्रहांसाठी बनत. सिलिकॉनच्या चकत्या जाड होत्या, कापताना निम्मा माल भुसा होऊन जाई आणि कार्यक्षमता कमी होती. त्या काळी एखाद्याने अशी शंका घेतली असती तर ती रास्त होती. आज बाजारातल्या पॅनेलची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या वर आहे आणि चकत्या केसाच्या दोन-अडीचपट जाडीच्या असतात. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात पॅनेल बनवण्यात गेलेली ऊर्जा साधारण एक ते दीड वर्षात भरून येते, आणि पॅनेल २५ वर्षे किंवा अधिक चालते. मत तेच राहिले, पण ज्या वस्तूविषयी ते होते ती वस्तू बदलली.

धूर चंद्रपूरला

शेवटी स्कूटर. हे मत आम्हाला सर्वांत विचारी वाटते, कारण ते स्वतःच्या अंगणापलीकडे पाहते. त्याला उत्तर द्यायचे तर प्रामाणिकपणे हिशेब मांडला पाहिजे.

पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते असे धरू. १०० किलोमीटरला सव्वादोन लिटर पेट्रोल लागते. १ लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायॉक्साइड होतो. (पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच असते. मग वायू सव्वादोन किलोच्या वर कसा? हा प्रश्न नववीच्या वर्गाला अवश्य घालावा. हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो.) म्हणजे १०० किलोमीटरला साधारण ५ किलो.

विजेच्या स्कूटरला १०० किलोमीटरला सुमारे ३ युनिट लागतात. चार्जरमध्ये आणि वाटेतल्या तारांत होणारी गळती धरून केंद्रावर ४ युनिट तयार करावी लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबानुसार देशात सरासरी १ युनिट विजेमागे ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. म्हणजे सुमारे ३ किलो. दर १०० किलोमीटरला वाचले २ किलो. बॅटरी बनवतानाही वायू बाहेर पडतो. ३ किलोवॅट-तासाच्या बॅटरीमागे तो १५० ते ३०० किलो धरला, तर तो फिटायला साडेसात ते पंधरा हजार किलोमीटर धावावे लागते. त्यापुढचा प्रवास नफ्याचा. वर्षभर रोज शाळेत जा-ये करणाऱ्या शिक्षकाला हा पल्ला एक-दोन-तीन वर्षांचा आहे. स्कूटर कोपऱ्यात उभी ठेवणाऱ्याला तो कधीच गाठता येणार नाही.

तेव्हा ‘धूर नुसता हलवला’ हे खरे नाही. धूर कमीही झाला. पण ‘धूर नाहीसा झाला’ हेही खरे नाही. उरलेले ३ किलो कुठेतरी बाहेर पडतातच, आणि त्याबरोबर राख आणि गंधकाचे वायूही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याच्या आसपास राहणारे लोक पुण्या-मुंबईच्या विजेची किंमत श्वासातून देतात. कोराडी केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याला जुलै २०२२मध्ये नागपूरजवळ खसाळा इथे भगदाड पडले आणि राखेचे पाणी आसपास पसरले. ‘माझी गाडी धूर सोडत नाही’ असे म्हणताना हे विसरून चालणार नाही.

इथेही तारीख महत्त्वाची आहे. पेट्रोलची स्कूटर घेतली त्या दिवशी जेवढा धूर सोडते, तेवढाच ती दहा वर्षांनी सोडेल, कदाचित जास्तच. विजेच्या स्कूटरचा हिशेब वीज कशी बनते यावर दरवर्षी बदलतो. ती किती वेगाने बदलते आहे, याविषयीही एक मत सध्या फिरते आहे: ‘आता देशातली निम्मी वीज स्वच्छ झाली.’ २०२५च्या मध्यावर भारताच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांखेरीज अन्य मार्गांची झाली, ही बातमी खरी होती आणि आनंदाचीही. पण स्थापित क्षमता ही धार आहे. सूर्य रात्री नसतो, वारा रोज नसतो. २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष बादलीत पडलेल्या विजेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. मीटरपासून सुरू केलेला हा धडा देशाच्या पातळीवरही जसाच्या तसा लागू पडतो.

मतांची वही

वर्गासाठी एक सुचवावेसे वाटते. मुलांना एक ‘मतांची वही’ करू द्यावी. पानावर चार रकाने आखावेत: मत काय आहे, त्यात किती, म्हणजे वॅट किती आणि वेळ किती, कशाच्या तुलनेत, आणि ते केव्हाचे, म्हणजे कोणत्या काळातल्या उपकरणाविषयीचे. घरी आजोबा, आई, शेजारचे काका, दुकानदार जे बोलतील ते पहिल्या रकान्यात जसेच्या तसे लिहावे, हसण्यावारी नेऊ नये. मग मीटर, उपकरणावरची पट्टी आणि साधा गुणाकार यांच्या मदतीने उरलेले रकाने भरावेत. आजोबांचे मत चुकीचे ठरले तर ते कोणत्या काळी बरोबर होते, हे आजोबांनाच विचारावे. त्यांच्याकडून जुन्या रेग्युलेटरची, चोकची, ट्रान्सफॉर्मरची माहिती मिळेल, आणि मुलाला तंत्रज्ञानाचा इतिहास घरातच वाचायला मिळेल.

काही ओळी मात्र रकाने भरूनही संपणार नाहीत. शहराला हवी असलेली वीज कुणाच्या शेताशेजारी तयार व्हावी, राखेची भरपाई कुणी द्यावी, अनुदान छप्पर असलेल्यालाच मिळते तर छप्पर नसलेल्याचे काय, या प्रश्नांना मीटर उत्तर देत नाही. तिथे माणसांची मते वेगळी असणार आणि असावीत. पण ती चर्चा तरी ३ किलो आणि ५ किलो हे आकडे समोर ठेवून व्हावी. तेवढे करायला मुलांना दाराबाहेरचा लाल दिवा आणि एक घड्याळ पुरेसे आहे.